पुढे जाऊ नये

"हे आले. सोळा. नेहमीसारखे नुसते उभे."

पाणथळीच्या कचेरीत बसून जुन्या वह्या वाचणारा अभ्यासक या ओळीपाशी अर्धा दिवस अडकला होता. शेवटी तो वही उचलून बाहेर आला. बाहेर बाकावर माझी काकू गमबूट उलटा धरून त्यातलं पाणी काढत होती.

"बाई, हे म्हणजे कोणते?"

"हे म्हणजे हे."

"हो, पण म्हणजे नेमके कोणते?"

"अहो, आमचे हे!"

अभ्यासकाने दचकून मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. काकूने बुटाच्या टाचेने तळ्याकडे खूण केली. तिथे सोळा शेकाटे गुलाबी काड्यांसारख्या पायांवर पाण्यात उभे होते आणि कुणाचीही वाट बघत नव्हते.

"पांढरा सदरा, काळा कोट, पाय हे एवढे लांब. बघावं तेव्हा उभे. काय करताय विचारलं तर काही नाही. आमचे हे अगदी असेच."

काका कापडाच्या दुकानात नोकरीला आहेत आणि तिथे विक्रेत्यांना बसायला स्टूल देत नाहीत. त्यामुळे ही तुलना म्हणजे त्यांच्यावर जरा अन्यायच आहे. पण त्या वहीत न्याय कुणालाच मिळालेला नाही.

काकू तिथे 'हंगामी मदतनीस' आहे. हंगामी म्हणजे तात्पुरती, असं तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. काम ठरलेलं. तीन निरीक्षण-खोल्या झाडायच्या, बघायच्या फटींतली कोळिष्टकं काढायची, मोठ्याने बोलणाऱ्यांकडे बघून ओठांवर बोट ठेवायचं. आणि वसंतात, पक्षी उत्तरेकडे परतायला लागले की रोज कोण आलं, किती आले, कधी गेले ते वहीत लिहायचं. पहिल्या साहेबांनी वही हातात देताना सांगितलं होतं, "जे दिसेल ते लिहा. न दिसलेलं लिहू नका." पक्ष्यांची नावं सांगायला ते विसरले, किंवा त्यांनाही येत नसावीत. काकूचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. सासरची माणसं तेवढी नव्याने पाठ केलेली होती. तिने तीच वापरली.

पसरट चोचीचं थापट्या बदक पाण्यात तोंड घालतं ते पोट भरेपर्यंत वर बघत नाही. ते झालं मामंजी. टिटवी कोण आलं, का आलं, किती वाजता आलं हे साऱ्या तळ्याला ओरडून विचारते, ती आत्याबाई. सुरय वरून येतात, हवं ते नेमकं उचलतात आणि पाणीसुद्धा न घेता जातात, त्या नणंदा. भोवत्या हा शिकारी पक्षी वर घिरट्या घालायला लागला की सगळे एकदम शिस्तीत, तो इन्स्पेक्टर. आणि बारक्या तुतवारांचे थवे म्हणजे पोरंटोरं. नावं अशी असली तरी मोजणी चोख होती. 'पोरंटोरं, चारशे बारा' असं लिहिलं असेल तर ती चारशे बाराच. चारशे तेरावं कुठे चिखलामागे लपलं असतं तर काकूने त्यालाही कान धरून बाहेर काढलं असतं.

अभ्यासकाला आम्ही घरी तक्तेवाला म्हणतो. कारण त्याला काहीही सांगा, तो त्याचा तक्ता करतो. शिवाय त्याचं प्रत्येक वाक्य 'असं दिसतं' या शब्दांनी संपतं. एकदा तो आमच्या दारात नखशिखान्त भिजून उभा होता. म्हणाला, "पाऊस पडतोय असं दिसतं." पण माणूस चिकाटीचा. काकूबरोबर चार दिवस बांधावर बसून त्याने प्रत्येक नातेवाइकापुढे पक्ष्याचं खरं नाव लिहून घेतलं. वरती मथळा दिला: 'नाती व जाती'.

हे सगळं एप्रिलमध्ये कशासाठी चाललं होतं, तर फळ्यांसाठी.

तळ्याच्या पूर्वेला एक उथळ आहे. तिथलं पाणी बांधातल्या दारातून सोडतात किंवा अडवतात. दार म्हणजे काही कडीकोयंडा नाही. दगडी खाचेत एकावर एक सरकवलेल्या लाकडी फळ्या. फळी काढली की पाणी वीतभर उतरतं. सगळ्या काढल्या की उथळ दोन दिवसांत कोरडं पडतं आणि मग त्यातला गाळ उपसता येतो. इतकी वर्षं फळ्या वीस मेपर्यंत राहायच्या. या वर्षी नवे साहेब आले. गाळ काढायचं यंत्र पाच मेला मोकळं होतं, म्हणून त्यांनी कागद काढला: फळ्या पाच मेला काढाव्यात.

साहेब सगळी वाक्यं 'तत्त्वतः'ने सुरू करतात. "तत्त्वतः मी चहा सोडलाय," असं म्हणत ते दुसरा कप घेतात. काकू कागद घेऊन त्यांच्याकडे गेली.

"साहेब, पाचला नको. जाऊबाई यायच्या आहेत."

"तत्त्वतः," साहेब म्हणाले, "तुमच्या घरच्या पाहुण्यांचा आणि फळ्यांचा काही संबंध नाही."

मग तक्तेवाल्याला मध्ये पडून सांगावं लागलं की जाऊबाई म्हणजे पाणटिवळा. लांब चोचीचा, वसंतात विटकरी होणारा, सगळ्यांच्या मागून येणारा. बाकीची मंडळी जेवून-खाऊन निघाली की मेच्या दुसऱ्या आठवड्यात हा थवा फार लांबून, मध्ये कुठेही न टेकता येतो. चार-पाच दिवस पूर्वेच्या उथळात पोट भरतो आणि तितक्याच लांब पुढे जातो. त्याला चिखलावर चार बोटं पाणी लागतं. जास्त झालं तर पाय पुरत नाहीत, कमी झालं तर चिखल घट्ट होतो आणि चोच आत जात नाही.

"माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी दार फुटलं होतं," काकू म्हणाली. "उथळ सुकलेलं. बारा आल्या. दोन चकरा मारल्या, उतरल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी बांधापलीकडे तीन पडलेल्या मिळाल्या. उचलल्या तर हातात काही आहे असं वाटेना."

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तत्त्वतः मी थांबेन. पण यंत्र थांबवायचं तर मला वर कारण द्यावं लागतं. त्या दरवर्षी येतात हे दाखवा. वह्या आहेत ना तुमच्या? मग झालं तर."

तक्तेवाल्याने तक्ता केला. तो एका वाक्यात सांगता येईल असा होता: पहिली पाच वर्षं जाऊबाई आल्या, बाराव्यापासून अठराव्यापर्यंत आल्या, आणि मधली सहा वर्षं तक्ता कोरा.

"सहाव्या वर्षापासून अकराव्यापर्यंत जाऊबाई आल्याच नाहीत असं दिसतं," तो साहेबांसमोर म्हणाला आणि स्वतःच खट्टू झाला.

"म्हणजे तत्त्वतः लहर लागली तर येतात."

"आल्या होत्या," काकू म्हणाली.

"सहाही वर्षं?"

"सहाही."

"मग लिहिलं का नाही?"

 कोपऱ्यातला झाडू घेऊन काकूने साहेबांची खोली झाडायला घेतली. ती खोली झाडणं तिच्या कामात नाही. साहेबांनी पाय वर घेतले.

"न दिसलेलं लिहू नये, हा तुमचाच नियम ना? मग न लिहिलेलं दिसलं नव्हतं, असंच मला धरावं लागेल. फळ्या पाचला निघतील."

त्या दिवशी एप्रिलची सव्वीस तारीख होती.

आता ती सहा वर्षं. ती आमच्या घरात घडली. बाबा आणि काका, दोघे भाऊ एकाच मजल्यावर राहतात. खोल्या चार, स्वयंपाकघर एक, मोरी एक. माझी आई थोरली जाऊ, काकू धाकटी. आईची बोलायची एक पद्धत आहे. 'मी काही म्हणत नाही, पण' असं म्हणून ती सुरू करते आणि मग जे म्हणायचं ते सगळं म्हणते. काकू तळ्यावरून यायची ती चिखलाने माखलेले बूट घेऊन थेट मोरीत. एका मे महिन्यात मोरी तुंबली, पाणी उलटं स्वयंपाकघरात आलं, आणि आई म्हणाली, "मी काही म्हणत नाही, पण हे घर आहे की तळं?"

काकू म्हणाली, "तळंच बरं. तिथे निदान गप्प बसायची पाटी आहे."

"मग इथेही लाव की!"

पाटी लागली नाही, पण पाळली गेली. सहा वर्षं. मला बोलायला यायला लागलं तेव्हा घरात निरोप्याची जागा रिकामीच होती. 'काकूला म्हणावं, तिची वाटी धुऊन ठेवली आहे' हा निरोप मी आईच्या आवाजात, मानेच्या झटक्यासकट पोचवायचे आणि 'आईला म्हणावं, उपकार झाले' हे उत्तर काकूच्या आवाजात परत आणायचे. दोघींनाही वाटायचं की दुसरीची नक्कल फार छान होते. एक दिवस आई काकूला म्हणाली, "सरक, दूध उतू जातंय," आणि काकू सरकली. संपलं. तारीख कुणी लिहून ठेवली नाही.

त्या सहा वर्षांत तळ्यावर जाऊबाई दरवर्षी यायच्या आणि काकू मोजायची. पण घरी जिचं नाव घ्यायचं नाही, तिचं नाव आपल्या अक्षरात लिहून पुढे 'आल्या' असा आदरार्थी शब्द घालायचा, हे तिच्या हातून होईना. दुसरं नाव ठेवावं म्हटलं तर तेही सुचेना. कारण तो पक्षी जाऊबाईच होता. अंगावर विटकरी शाल. चोच शेवटाला वर वळलेली, म्हणजे नाक सदा वर. आणि चाल अशी की दिसेल त्यात चोच खुपसून आत काय आहे ते बघितल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. काकूने वही मिटली आणि त्या दिवसाची रेघ कोरी सोडली. एकोणीस वर्षांत तिने खोटं असं काही लिहिलं नाही. हे खोटं न लिहून झालं होतं.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तक्तेवाला आमच्या घरी आला. काकू गच्चीवर कपडे वाळत घालत होती. दार आईने उघडलं.

"बाईंची सही हवी होती," तो म्हणाला. "जाऊबाईंच्या सहा वर्षांबद्दल."

"कुठली सहा वर्षं?"

"सहा वर्षं जाऊबाई इकडे फिरकल्याच नाहीत असं दिसतं."

"फिरकल्या नाहीत?" आईचा आवाज एकदम वर गेला. "मी इथेच होते! याच घरात! कुठे जाणार होते मी? कुणी सांगितलं हे तुम्हाला?"

"तुम्ही नाही हो. त्या चिखलात तोंड घालणाऱ्या जाऊबाई."

आई गप्प झाली. आमच्याकडे हे क्वचित होतं. तक्तेवाल्याला वाटलं, खुलासा कमी पडला. त्याने पिशवीतून 'नाती व जाती' काढलं आणि मदत म्हणून मोठ्याने वाचलं, "जाऊबाई. विटकरी शाल. नाक वर. दुसऱ्याच्या जागेत चोच खुपसतात. आवाज फार मोठा नाही, पण थांबत नाही. असं..." आणि 'दिसतं' त्याच्या तोंडातच राहिलं, कारण खुर्चीच्या पाठीवर आईची विटकरी शाल होती.

रिकामी बादली घेऊन काकू जिन्यावरून खाली आली.

"नाक वर?" आईने विचारलं.

"चोच," काकू म्हणाली.

"पक्ष्याची चोच म्हणजे नाकच ना?"

काकूने जरा विचार केला. "हो."

"किती वर्षं चाललंय हे?"

"एकोणीस."

"आणि मधली सहा वर्षं मी कुठे गेले होते?"

काकूने बादली खाली ठेवली. "गेला नव्हतात. दरवर्षी आलात. म्हणजे त्या आल्या. मीच रागाने लिहिलं नाही. आता साहेब म्हणतो आल्याच नाहीत, आणि येत्या पाचला फळ्या काढतो. मी तोंडाने सांगून काय उपयोग? वहीत कोरं आहे, आणि ते मीच ठेवलंय."

एवढं बोलणं तिने घरात सलग कधी केलं नव्हतं.

"मी काही म्हणत नाही, पण..." आई म्हणाली आणि पणपाशी थांबली.  तक्तेवाला वाट बघत राहिला. आई उठून आत गेली. कपाट उघडल्याचा, काहीतरी खाली पडल्याचा आणि 'मेलं एक वस्तू जागेवर नसते' असा आवाज आला. मग ती बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आली. डब्यात कॅलेंडरं होती, दर वर्षाचं एक, गुंडाळी करून दोऱ्याने बांधलेली.

आई कॅलेंडरावर तक्रारी लिहायची. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. कधीतरी, कुणालातरी, सगळं एकदम दाखवायचं म्हणून ती लिहून ठेवत होती. कोणाला, ते तिचं ठरलं नव्हतं. तिने सहाव्या वर्षाचा मे उलगडला.

"हे बघा. दहा मे. 'मोरी तुंबली. चिखल काळा, गुडघ्यापर्यंतचा.' चौदा मे. 'पुन्हा तुंबली. बोलायची सोय नाही.'" दुसरं कॅलेंडर. "नऊ मे, 'मोरी.' तेरा मे, 'मोरी. तिला कुणी सांगत का नाही?' हे पुढचं. बारा आणि सोळा. मी काही म्हणत नाही, पण वर्षातून दोनदाच, आणि दरवर्षी मेमध्येच, हा काय तुझा मुहूर्त होता का गं?"

तक्तेवाला खाली फरशीवर बसला. काकूकडे बघून त्याने विचारलं, "दोनदाच का?"

"पाटी," काकू म्हणाली.

पूर्वेच्या उथळात उतरायची काकूला एरवी गरज पडत नाही. बाकी वर्षभर बुटांना लागतो तो बांधावरचा तांबडा चिखल. तो घासला की निघतो. काळा, डिंकासारखा चिखल फक्त त्या उथळात आहे. त्यात ती वर्षातून दोनदाच शिरते. जाऊबाई उतरल्या की त्याच दिवशी जाऊन, लोकांनी जवळ येऊ नये म्हणून, पाटी रोवायची. त्या उडून गेल्या की त्याच दिवशी पाटी उपटून आणायची. पहिली मोरी म्हणजे आल्या. दुसरी मोरी म्हणजे गेल्या.

तक्तेवाल्याने पिशवीतून वह्या काढल्या. आईची कॅलेंडरं चौथ्या वर्षापासूनची होती आणि अबोला संपल्यावरही तिने लिहिणं सोडलं नव्हतं. सवय लागली की लागते. ज्या वर्षांत वही आणि कॅलेंडर दोन्ही बोलत होती, ती वर्षं त्याने आधी ताडून पाहिली. चौथं जुळलं. पाचवं जुळलं. बाराव्यापासून पुढची सगळी जुळली, एका दिवसाचाही फरक नाही. मग कोरी सहा. पाच मिळाली. नवव्या वर्षाच्या मेचं पान कपाटाच्या खणात अंथरलेलं निघालं. त्यावर डांबरगोळ्यांचे डाग पडून 'तुंबली' एवढाच शब्द शिल्लक राहिला होता.

"तारीख नाही," तक्तेवाला हळहळला.

"पण तुंबली होती," आई ठामपणे म्हणाली. "मला आठवतंय ना. तुम्ही लिहा."

"न दिसलेली तारीख लिहायची नाही," काकू म्हणाली.

आईने तिच्याकडे बघितलं, पण वाद घातला नाही.

दोन मेला काकू आणि तक्तेवाला बिस्किटांचा डबा घेऊन साहेबांपुढे उभे राहिले. साहेबांनी पहिलं कॅलेंडर वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्यापाशी खुर्ची पुढे ओढली.

"तत्त्वतः," ते म्हणाले आणि चौथं कॅलेंडर उलगडलं. "तत्त्वतः मोरी हा... काय लिहिलंय हे? 'चिखल काळाच आहे, मला काय रंग कळत नाहीत?' या बाई आपल्याकडे नोकरीला का नाहीत?"

"त्यांना चिखल आवडत नाही," काकू म्हणाली.

साहेबांनी अट घातली. कोऱ्या राहिलेल्या सहा रेघा काकूने लाल शाईने भराव्यात, पुढे खरं कारण लिहावं आणि सही करावी. तक्ता वर जाणार, तेव्हा वहीही वर जाणार. तिथे ती कोण कोण वाचेल, हे साहेबांना सांगता आलं नाही.

काकूने पेन घेतलं. 'जाऊबाई आल्या. आकडा लिहिलेला नाही, आता लिहिणार नाही. तारीख घरच्या कॅलेंडरावरून.' असं पाच वेळा. सहाव्यांदा 'तारीख अस्पष्ट'. कारणाच्या रकान्यात सहा वेळा एकच शब्द लिहिला: 'अबोला.' सही केली. तक्तेवाल्याच्या कागदावर स्रोत या मथळ्याखाली 'स्वयंपाकघराशेजारील मोरी' असं गेलं, आणि साहेबांनी ते खोडलं नाही.

नवा कागद निघाला. फळ्या चौदा मेपर्यंत राहतील. तोवर जाऊबाई आल्या तर त्या जाईपर्यंत राहतील. नाही आल्या तर पंधराला सकाळी निघतील.

मग सगळी कचेरी कामाला लागली, म्हणजे विचारायला लागली. आठ तारखेला पंपवाल्याने बांधावरून ओरडून विचारलं, "बाई, जाऊबाई आल्या का?" नऊला साहेबांनी दोनदा फोन केला. यंत्राचा चालक रोज यंत्राच्या सावलीत चटई टाकून झोपायचा. तो उठला की म्हणायचा, "तुमच्या जाऊबाईंना म्हणावं, आरामात या. घाई नाही." दहाला कोणीच आलं नाही. काकू सकाळ-संध्याकाळ दारापाशी पाण्यात हात घालून बोटं मोजत होती. चार. चारच.

अकराला सकाळी पावणेआठला ती पहिल्या निरीक्षण-खोलीत होती. दाराशी पाऊल वाजलं. आई. हातात बादली आणि मोरीतला ब्रश. एकोणीस वर्षांत तळ्यावर ती पहिल्यांदाच आली होती.

"बघायला आलात?" काकूने कुजबुजत विचारलं.

"छे. बूट इथेच धुऊन घेणार आहे मी तुझे. पंपापाशी. या वर्षी माझी मोरी तुंबायची नाही."

"अजून आल्या नाहीत."

"मग थांबते," आई म्हणाली आणि बादली उपडी करून तिच्यावर बसली. तिथे बोलायला मनाई आहे. ती पाटी आईने वाचली आणि पाळली. तिला ते जमतं, हे आम्हाला माहीत होतंच.

साडेआठच्या सुमारास टिटवी ओरडली. दक्षिणेकडून एक थवा खाली, अगदी पाण्यालगत आला. दारावरून वळला, एक चकर मारली, आणि उथळात उतरला. पंख मिटले, चोची खाली गेल्या आणि चिखलात शेवटपर्यंत आत गेल्या. काकू ओठ हलवत मोजत होती. मग तिने कोपऱ्यातली पाटी खांद्यावर घेतली, बूट चढवले आणि लांबच्या कडेने, वाकून, काळ्या चिखलात उतरली. चिखल गुडघ्यापर्यंत आला. पक्ष्यांनी मान वर केली नाही.

आईने फटीला डोळा लावला तो काकू परत येऊन शेजारी उभी राहीपर्यंत काढला नाही.

"यातली मी कुठली?"

"सगळ्याच."

"किती?"

"तेवीस."

आईने पुन्हा बघितलं. "नाक बरोबर आहे," तिने मान्य केलं. "शाल मात्र माझी जरा गडद आहे." मग तिची नजर उथळाच्या कडेला रोवलेल्या पाटीकडे गेली. तिने अक्षर अक्षर लावून वाचलं, "पुढे... जाऊ... नये." आणि मान मागे घेतली. "हेही माझ्यासाठीच का?"

"लोकांसाठी आहे हो ते."

"मी काही म्हणत नाही, पण पुढे जाऊ नये म्हणजे जाऊने कायम मागेच राहायचं?"

"तुम्ही थोरल्या," काकू म्हणाली. "कधी मागे राहिलात?"

आईने बादली उचलली. पंपापाशी जाऊन तिने दोन्ही बूट आतून-बाहेरून इतके घासले की मूळ रंग हिरवा होता हे पंपवाल्याला त्या दिवशी कळलं. साहेब धावत आले, फटीतून बघितलं आणि तत्त्वतः न म्हणता "अरे वा" म्हणाले. यंत्राच्या चालकाने चटई पसरली.

काकूने वहीत लिहिलं: 'अकरा मे. जाऊबाई आल्या. तेवीस.'

तक्तेवाल्याला एक काळजी उरली होती. बूट पंपावर धुतले गेले म्हणजे या वर्षी कॅलेंडरावर नोंद नाही, म्हणजे चांगला चाललेला तक्ता तुटला असं दिसतं, असं तो संध्याकाळी दारात उभं राहून म्हणाला. आईने त्याला आत घेऊन भिंतीवरचं पान दाखवलं. अकराच्या चौकटीत, दुधाच्या खुणेशेजारी, बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'मोरी तुंबली नाही. मी आले. तेवीस.'